हॅलो नव्हे

बिशप रायनर म्हणजे अमेरिकेत ट्रॉय गावातल्या आमच्या चर्चचा मोठा अभिमान. इथल्याच एका सुताराचा हा मुलगा इंग्रजांच्या राज्यात नगर जिल्ह्यात मिशनरी म्हणून गेला, तिकडेच बिशप झाला आणि तिकडेच वारला. चर्चच्या नव्या हॉलला आता त्याचं नाव देणार होते. त्याच्या गोष्टी ऐकत वाढलेली बाई, म्हणजे मी, इथे मिशिगनमध्येच सापडली म्हणून फादर हरखून गेले. म्हणाले, दोन शब्द बोला. मी मराठीत बोलायचं आणि माझ्या विनयने ते इंग्रजीत सांगायचं, असं ठरलं.

विनयने मला किचनमध्ये गाठलं.

"आई, शाळेचं सांग, कॉलऱ्याचं सांग. ते जोहारचं तेवढं कट कर ना, प्लीज."

"का रे?"

"मोरेश्वर येतोय. महाराष्ट्र मंडळातले अजून बरेच लोक आहेत. उगाच ऑकवर्ड होतं यार."

मोरेश्वर हा विनयचा जिगरी दोस्त. आमचं आडनाव पंडित, त्यावरून त्याने परस्पर ठरवून टाकलंय की आम्ही मूळचे ब्राह्मण, कधीतरी बाटलेले. दर दिवाळीला माझ्या पाया पडतो आणि म्हणतो, "काकू, रक्त कुठे जातं!" विनय तेव्हा गालातल्या गालात हसतो आणि विषय बदलतो. माझं टाळकंच फिरतं. आम्ही महार. माझ्या आजोबांनी भर गावात ते लपवलं नाही आणि हा एवढ्या मोठ्या घरात बसून लपवतो!

"जोहार राहणार," मी म्हटलं. "नाहीतर मी बोलणार नाही, आणि का बोलत नाही ते फादरना सांगेन."

तो गाडीची किल्ली उचलून निघून गेला.

रविवारी हॉल भरला. मोरेश्वर तिसऱ्या रांगेत होता.

"तुमच्या बिशपना आमच्याकडे रायाबाबा म्हणायचे," मी सुरुवात केली. "देवमाणूस वगैरे नव्हता. तापट होता. तो घोड्यावर बसायचा आणि माझे आजोबा सावळेराम त्याची पेटी डोक्यावर घेऊन मागून चालायचे. पण मराठी तो आजोबांकडूनच शिकला."

विनयने नीट सांगितलं. लोक हसले.

"पहिल्यांदा चावडीवर गेला, तेव्हा आजोबा पाटलाला जे म्हणत तेच तोही म्हणाला. वाकून, हात जमिनीला लावून म्हणाला, जोहार मायबाप!"

विनय घुटमळला. मग म्हणाला, "ही बाउड अँड सेड हॅलो."

लोक पुन्हा हसले. मोरेश्वर हसला नाही. मराठी कळणाऱ्यांना कळून चुकलं होतं, माझा पठ्ठ्या मात्र अजून झाकतच होता.

"हॅलो नव्हे," मी माइकमध्येच म्हटलं. तेवढं इंग्रजी मला येतं. "पुढचं ऐक आणि मग सांग."



"साहेब महारासारखा जोहार घालतो म्हणून चावडी खो खो हसली. घरी येऊन रायाबाबाने अर्थ विचारला. आजोबा म्हणाले, हा शब्द फक्त आमच्या तोंडी. आमच्या जोहाराला पाटील मानसुद्धा हलवत नाही. रायाबाबा लालबुंद झाला. म्हणाला, मग मीही हाच म्हणणार! मरेपर्यंत त्याने पाटलापासून मामलेदारापर्यंत सगळ्यांना जोहारच घातला. गोऱ्या साहेबाचा जोहार घेताना त्यांची त्रेधा उडायची. पण त्याला हात कोण लावणार? आजोबा दुसऱ्या दिवशी चावडीवर गेले आणि ताठ उभं राहून म्हणाले, रामराम पाटील. पाटलाने पायातलं पायताण काढलं. आजोबांचा पुढचा दात पडला. रायाबाबा म्हणाला, मुंबईला नेऊन नवा बसवून देतो. आजोबा म्हणाले, नको. फट दिसू दे."

विनय मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, हा आता स्टेजवरून उतरून जाणार. मग त्याने वर बघितलं, सरळ तिसऱ्या रांगेकडे.

"आय ट्रान्सलेटेड इट राँग," तो म्हणाला. "जोहार इज नॉट हॅलो. इट इज व्हॉट माय पीपल, द महार्स, हॅड टू से."

मग आजोबांच्या दातापर्यंत त्याने सगळं सांगितलं. मध्ये कुठे थांबला नाही. माझे डोळे भरून आले.

नंतर कॉफीच्या टेबलापाशी मोरेश्वर दिसला. एरवी वाकणारा माणूस, आज कप दोन्ही हातांत धरून लांबूनच म्हणाला, "छान झालं हं, काकू." विनयकडे न बघताच त्याने कोट घातला आणि गेला.

परतताना गाडी विनय चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "आई, दात पडला."

"बघितलं मी. दुखतंय का?"

"खूप," तो म्हणाला. हिरवा दिवा लागला, त्याने गाडी पुढे काढली. "पण बसवून घेणार नाही."