काळ्या पावडरीमागचा निळा ड्रम

मी एक जुना निळा ड्रम आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात काय आहे ते मी लपवणार नाही. लपवायचं काम माणसांनी पुष्कळ केलं. पाहुणे आले की मला शेडच्या मागं ढकलायचे, वर ताडपत्री टाकायचे आणि समोर झेंडूच्या कुंड्या मांडायचे. आज मी बोलणार आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यातला. वितळलेला गोळा साच्यात फुगवला आणि मी गरम गरम बाहेर पडलो. लोखंडाच्या क्षाराचं तांबूस पाणी माझ्यात भरून मला सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत आणलं. तिथं लालासाहेबांचा छोटा कारखाना होता. त्या तांबूस पाण्यात एक पांढरी पावडर हळूहळू सोडायचे. पाणी खदखदायचं, बुडबुडे यायचे, आणि तळाशी लोखंडाची काळी पावडर बसायची. तिचा एकेक कण इतका बारीक, की डोळ्याला दिसणार नाही. नॅनो कण म्हणतात त्याला. विषारी पाण्यात ही पावडर सोडली की ती विषाला धरते आणि मोडून टाकते.

रहिमतपूरकडच्या एका गावात हे असं घडल्याचं मी ऐकलंय. लालासाहेबांची धाकटी बहीण अंजना त्या गावात दिलेली. तिथं पूर्वी धातूला मुलामा द्यायचं एक वर्कशॉप होतं. ते बंद पडलं, पण त्याचं विष जमिनीत मुरलं आणि विहिरीचं पाणी पिवळं झालं. अंजनाताईंच्या हातांवर फोड उठायचे. त्या बहिणीसाठीच लालासाहेबांनी कारखाना काढला. पावडर सोडली आणि विहीर नितळ झाली. अंजनाताई नारळ आणि पेढे घेऊन कारखान्यात आल्या तेव्हा लालासाहेबांचे डोळे भरून आले होते. तो माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल.

कौतुक झालं ते पावडरीचं. ती चकचकीत डब्यांत बंद व्हायची. तिला हवा लागली तर पेट घेते, म्हणून तिचे लाडही भारी. पण ती धुतली कशात? ते धुवण कुठं गेलं? ते माझ्यात आलं. माझ्यावर लाल रंगानं ‘टाकाऊ’ असं लिहिलं आणि माझ्यासारख्यांची रांग मागं उभी केली. एका लहानशा डब्यासाठी आम्ही कितीतरी ड्रम भरायचो. पावडरीचं काम बघणारी प्रियंका म्हणायची, “ती पांढरी पावडर तयार करायलाच केवढी वीज जळते! आणि काम झाल्यावर तिच्यातलं बोरॉन या धुवणात उतरतं. पाणी साफ करायला निघालोय खरं, पण आपल्या मागं काय सांडतंय तेही बघायला पाहिजे.”

प्रियंका दुष्काळी म्हसवडची. रसायनशास्त्र शिकून इथं आली होती. तिच्या लहानपणी घरात अंघोळीचं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी झाडांना जायचं. पाणी ओतून टाकणं तिला जमायचंच नाही.

आधी आमचं धुवण टँकरमधून शुद्धीकरणाच्या केंद्रात जायचं. मग पावडरीची मागणी वाढली. अंजनाताईंच्या गावाशेजारी आणखी एका गावाची विहीर पिवळी निघाली. घाई झाली, टँकर परवडेना. एके दिवशी लालासाहेब गाडीवाल्या नाथाजीला म्हणाले, “ओढ्याला पाणी हाय तवर सोडून दे. वाहून जातंय सगळं.”

वाहून जातंय! कुठं जातंय, ते कुणी विचारलं नाही. पहिल्या खेपेला माझे सोबती गेले आणि रिकामे होऊन परत आले.

थोड्याच दिवसांत जोतिबा फाटकात उभा राहिला. ओढ्याच्या खालच्या अंगाला त्याची हळद होती. त्याच्या हातात हळदीची पानं होती, कडा जाळावर धरल्यासारख्या करपलेल्या.

“आवं लालासाहेब, माझ्या वावरात काय झालंय बघा की! ओढ्यात मासं बी मेलं.”

“करपा पडला असंल रं. औषध मार.”

“करपा मला वळखता येत न्हाई व्हय?”

लालासाहेब आत निघून गेले. प्रियंकानं मात्र ती पानं मागून घेतली. ओढ्याचं पाणी तिनं स्वतः बाटलीत भरून आणलं आणि तपासलं. पाण्यात बोरॉन होतं, पिकाला सोसवेल त्याच्या कितीतरी वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजीनं मला गाडीत चढवलं. मी काठोकाठ भरलेला होतो. गाडी सुरू झाली, आणि प्रियंका धावत आली. ती चाकावर पाय देऊन वर चढली आणि माझ्या झाकणावर बसली.

“मॅडम, खाली उतरा. पडाल.”

“गाडी बंद कर नाथाजी. हा ड्रम ओढ्यावर जाणार नाही.”

नाथाजीनं निमूट गाडी बंद केली. लालासाहेब तरातरा बाहेर आले. नेमक्या त्याच वेळी अंजनाताई रिक्षातून उतरत होत्या. त्या शेजारगावासाठी पावडरीचे डबे न्यायला आल्या होत्या.

“काय तमाशा लावलाय?” लालासाहेब ओरडले. “तिकडं लोक पिवळं पाणी पित्यात. आज काम थांबलं तर त्यांनी काय करायचं?”

“आणि जोतिबांनी काय करायचं, साहेब?” प्रियंका झाकणावरून हलली नाही. “एका गावाची विहीर धुण्यासाठी दुसऱ्या गावाचा ओढा नासवायचा, याला मी साफसफाई म्हणणार नाही. मला कामावरून काढा. पण आधी मला इथून खाली ओढावं लागेल.”

मी प्लास्टिकचा, मला छाती नाही. असती तर ती तेव्हा फुगली असती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ कुणी नाक न दाबता बसलं होतं.

अंजनाताईंनी सगळं विचारून घेतलं. मग प्रियंकाजवळचं करपलेलं पान घेऊन भावासमोर धरलं.

“दादा, माझी विहीर अशी साफ केलीस व्हय?”

“तुझ्यासाठीच केलं ना गं मी!”

“माझं नाव घिऊ नगंस. इषारी पाणी मी प्यालेय. ते दुसऱ्याच्या पोरास्नी पाजून मला नितळ पाणी नको. त्या गावाला आमच्या विहिरीचं पाणी देऊ आमी, ट्रॅक्टरनं. तू घाई करू नगं. नीट कर.”

लालासाहेबांनी हातानंच नाथाजीला खूण केली: ड्रम उतरव.

पुढं सगळं गोड झालं असं समजू नका. जोतिबाची ती हळद वाचली नाही. पुढच्या लागणीचं बेणं लालासाहेब स्वतः घेऊन त्याच्या बांधावर गेले. जोतिबानं बेणं ठेवून घेतलं, पण चहा विचारला नाही. कारखान्याचं काम मंदावलं. धुवण गाळून पुन्हा वापरायची सोय प्रियंकानं केली, उरलेलं टँकरनं केंद्रात जाऊ लागलं. पावडर महागली, काही गिऱ्हाइकं तुटली. लालासाहेब तिच्याशी महिनाभर कामापुरतंच बोलले. शेजारगावाला थांबावं लागलं, पण अंजनाताईंच्या गावचा ट्रॅक्टर रोज पाणी घेऊन जात राहिला, आणि उशिरा का होईना, तीही विहीर नितळ झाली.

मध्यंतरी एकजण मला विकत मागायला आला होता. धुऊन लग्नात पाणी भरायला! मित्रांनो, माझ्यासारखा ड्रम दारावर आला तर आधी विचारा, यात पूर्वी काय होतं? मी धुतल्यानं शुद्ध होणारा नाही. प्रियंकानं त्याला स्पष्ट नकार दिला आणि मला कारखान्याच्या दर्शनी भागात, चकचकीत डब्यांच्या शेजारी उभं केलं. लालासाहेबांना ते आवडलं नाही. तरी त्यांनी मला हलवलं नाही.

आता पावडर बघायला येणारा प्रत्येकजण आधी मला बघतो. परवा शाळेची सहल आली होती. सगळी मुलं काळ्या पावडरीभोवती जमली. एक मुलगी मात्र माझ्यापाशी थांबली आणि तिनं मोठ्यानं विचारलं, “आणि ह्यात काय आहे?”

तुम्हीही विचारा, मित्रांनो. कुणी कितीही चांगलं काम करत असो, त्याच्या शेडमागं जाऊन विचारा. त्या दिवशी लालासाहेबांनी घसा खाकरला, खुर्ची ओढली आणि त्या मुलीला सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.