ओडेसाचं नाव यादीत आलं

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. ओडेसा टार्व्हरला सहा वर्षं थांबावं लागलं.

घरांची किंमत ठरवणं हे तिचं काम. बँकांसाठी ती ते बारा वर्षं करत होती, पण तिचा डोळा होता दुसऱ्याच यादीवर. आजी-माजी सैनिकांना सरकारच्या हमीवर घरकर्ज मिळतं, आणि असं घर तपासायला यादीतलाच व्हॅल्युअर लागतो. कोलंबस गावाला छावणी चिकटलेली, घरटी एक तरी सैनिक. आणि यादीतले व्हॅल्युअर मात्र अवघे आठ. अर्ज केला की उत्तर यायचं, सध्या जागा नाही. एकदा म्हणाले, शिफारसपत्रं जुनी झाली, नवी आणा. तिनं नवी आणली, तोवर नमुन्याचे अहवाल जुने झाले. दुसरी कुणी असती तर तिनं नाद सोडला असता. ही बापावर गेलेली.

वडील म्हणजे लुशियस टार्व्हर. वय शहात्तर, व्हिएतनामच्या लढाईतून परत आलेले, सूतगिरणीत जन्म काढलेले आणि बोलण्यात महाकंजूष. दर रविवारी चर्चहून आल्यावर ते जेवायला बसायचे, तळलेल्या कोंबडीचा पहिला तुकडा संपवायचे आणि मग विचारायचे, "आली का तुझी चिठ्ठी?"

"नाही आली, डॅडी."

"येईल. सरकार आहे ते, म्हातारं झालंय."

तीन वर्षांपूर्वी आई, आयडेला, गेली, तिच्या मातीनंतरच्या रविवारीही त्यांनी हेच विचारलं. ओडेसाच्या डोक्यात तिडीक गेली. "आईला जाऊन चार दिवस नाही झाले, आणि तुम्हाला चिठ्ठीची पडलीय?" डॅडींनी काटा खाली ठेवला आणि ते ओसरीवर जाऊन बसले. तिला वाटलं, म्हाताऱ्यांचं असंच असतं, दुःखात काहीतरी एक धरून बसतात.

ते घर भाड्याचं होतं. मालकीण पीव्हीबाई, तेहतीस वर्षांत तिनं भाडं फारसं वाढवलं नाही आणि यांनी तिला एक खिळाही मागितला नाही. दर वसंतात डॅडी खिडक्यांच्या चौकटी पत्र्यानं खरवडायचे, घासायचे आणि पांढरा रंग द्यायचे. समोरची क्लॉडेट ओसरीवरून तोंड सोडायची, "मिस्टर टार्व्हर, लष्करातून सुटून पन्नास वर्षं झाली, पण लष्कराच्या भाकऱ्या भाजायचं काही सुटलं नाही तुमचं! बाईचं घर, बाई रंगवेल की!"

"तू तुझे शेंगदाणे उकड, क्लॉडेट," डॅडी म्हणायचे आणि ब्रश हलवत राहायचे.

रंगाचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते बोलायची आई एकटीच. एकाहत्तर साली, ओडेसा जन्मायच्या आधी, दोघांनी एक छोटं घर पसंत केलं होतं. डॅडींकडे कर्जाच्या हक्काचा सरकारी कागद होता. व्हॅल्युअर आला. डॅडी गणवेशात पायरीवर उभे, शेजारी आई नव्या टोपीत. त्या गोऱ्या माणसानं गाडीचं इंजिनही बंद केलं नाही. काच खाली करून त्यानं घराकडे कमी आणि या काळ्या जोडप्याकडे जास्त पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि तो निघून गेला. कागदावर किंमत अशी आली की व्यवहारच मोडला. कारण लिहिलं होतं, खिडक्यांचा रंग सुटलेला आहे. त्यानंतर आईनं कितीदा तरी म्हटलं, लुशियस, दिवस बदलले, पुन्हा अर्ज कर. डॅडी उठून बाहेर जायचे.

मार्चमधल्या एका मंगळवारी चिठ्ठी आली. ओडेसानं ती तीनदा वाचली, गाडीत बसून पोटभर रडून घेतलं, वाटेत तळलेला मासा आणि पीचचा गोड पदार्थ घेतला आणि ती डॅडींच्या दारात उभी राहिली.

"आली, डॅडी."

डॅडींनी चिठ्ठी हातात घेतली. चष्मा नव्हता, तरी बराच वेळ धरून ठेवली. मग आत गेले. ओडेसानं ताटल्या मांडल्या, मासा निवायला लागला, तरी माणूस बाहेर येईना. आले तेव्हा अंगावर चर्चचा कोट होता, दाढी नव्यानं केलेली, आणि हातात एक पिवळं पडलेलं पाकीट.

"टेप आणलीस ना गाडीत?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"कशाला म्हणजे! घर मापायला. दुसरं टोक मी धरतो, तू शिकत होतीस तेव्हा धरायचो तसं." पाकिटातून त्यांनी तो जुना कागद काढला, हक्काचा. घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. "पीव्हीबाईशी सहा वर्षांपूर्वीच बोलून ठेवलंय मी. म्हणाली, लुशियस, तुझी मुलगी यादीत येऊ दे, घर तुझंच. परक्या माणसानं माझं घर बघायचं नाही, हे मी एकाहत्तरलाच ठरवलंय. तुझं पहिलं काम, पोरी, तुझ्या बापाचं घर!"

एवढं सलग बोललेलं तिनं त्यांना आयुष्यात ऐकलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वीचा तो रविवार तिला लख्ख आठवला. तिनं जेवताना सांगितलं होतं, मी सैनिकांच्या यादीसाठी अर्ज केलाय. डॅडी खाता खाता थांबले होते. त्यांनी विचारलं होतं, या रस्त्यावरचं घरही तू बघशील? आणि ती हसत म्हणाली होती, हो, पाळी आली तर का नाही! आईनं तेव्हा टेबलाखालून डॅडींचा हात धरला होता. ओडेसाला वाटलं होतं, लेकीचं कौतुक.

"डॅडी, बसा जरा."

"बसायचं काय? उजेड आहे तोवर…"

"बसा ना." ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. "ते तसं नसतं हो. घर कुणी बघायचं हे कुणालाच निवडता येत नाही. यादीतून पाळीनं नाव निघतं. आणि… आणि माझी पाळी आली असती तरी मला तुमचं घर बघता आलं नसतं. सख्ख्या नात्यात चालतच नाही. कधीच नाही."

डॅडींनी कागद मांडीवर ठेवला. "कधीच नाही म्हणजे? सहा वर्षांपूर्वीही नाही?"

"सहा वर्षांपूर्वीही नाही."

"आयडेला होती तेव्हाही नाही."

ओडेसाची नजर मागच्या दाराकडे गेली. मागच्या अंगणात आईचं अंजिराचं झाड अर्ध्या पिंपात होतं. परक्याच्या जमिनीत मी झाड लावणार नाही, कागद झाला की त्या दिवशी लावीन, असं आई म्हणायची. ती ते गमतीनं म्हणते असं ओडेसा समजत होती. एकदा, फक्त एकदा जरी विचारलं असतं की डॅडी, तुम्ही दर रविवारी का विचारता, तर अर्ध्या मिनिटात सगळं उलगडलं असतं. यादीतले आठ जण होते की! त्यातले सहा तिच्या चांगल्या ओळखीचे, एकजण तर याच चर्चमधला. कुणीही आला असता, गाडीतून उतरला असता आणि नीट बघून गेला असता. आई स्वतःच्या घरात मेली असती.

"मला सांगायचं तरी," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, बाप स्वतःच्या घरासाठी तुला घाई करतोय," डॅडी म्हणाले. "तुला तुझ्या पायानं जाऊ द्यायचं होतं."

पीव्हीबाई फेब्रुवारीत वारली होती. ओडेसानं तिथूनच तिच्या मुलाला, ग्लेनला, फोन लावला. अजून वेळ आहे, मी आजच्या आज अर्ज भरते, दुसरा व्हॅल्युअर येईल, असं ती एका दमात बोलून गेली. ग्लेन माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "ओडेसा, तुझ्या वडिलांना मी दोनदा विचारलं गं. दोन्ही वेळा म्हणाले, मुलीची चिठ्ठी येऊ दे. मी तरी किती थांबणार? गेल्या शुक्रवारी एका कंपनीला रोखीनं विकून टाकलं. सही झाली."

शुक्रवार. चिठ्ठी आली मंगळवारी.

फोनवरचं डॅडींना ऐकू गेलंच होतं. त्यांनी कागद घड्यांवरच घडी घालून पाकिटात ठेवला, कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि म्हणाले, "मासा गार झाला. बस, खाऊन घे." दोघं जेवली. चिठ्ठी मिठाच्या भांड्याखाली होती.

साठ दिवसांची मुदत मिळाली. एप्रिलमध्ये, घर सोडायला महिना उरला असताना, डॅडींनी पत्रा काढला आणि खिडक्या खरवडायला घेतल्या. क्लॉडेट ओसरीवर होती, पण या खेपेला तिनं तोंड उघडलं नाही. थोड्या वेळानं ती रस्ता ओलांडून आली आणि शिडी धरून उभी राहिली. सामान हलवताना अंजिराचं पिंप काही केल्या हलेना. मुळांनी कधीचाच तळ फोडला होता आणि ती पीव्हीबाईच्या जमिनीत खोल गेली होती. ते तिथंच राहिलं. डॅडी ओडेसाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, मागच्या खोलीत राहायला आले.

ऑक्टोबरात ओडेसाच्या पाळीला एक काम आलं आणि पत्ता डॅडींच्या जुन्या घराचा निघाला. कंपनीनं घरात नवं स्वयंपाकघर बसवलं होतं, आणि आता छावणीतला एक तरुण सार्जंट ते कर्जावर घेत होता. तिनं लगेच खात्यात फोन केला. सांगितलं, इथं माझे वडील राहत होते, मला हे काम करता येणार नाही.

पलीकडच्या बाईनं विचारलं, "ते विकणारे आहेत का?"

"नाही."

"घेणारे?"

"नाही."

"कधी त्यांच्या नावावर होतं?"

"नाही. भाड्यानं होते. तेहतीस वर्षं."

"मग त्यांचा त्या घराशी काही संबंध नाही," बाई सरळपणानं म्हणाली. "तुम्ही करू शकता."

तिनं फोन ठेवला तेव्हा डॅडी दारात उभे होते. "मी येतो," ते म्हणाले. "उतरणार नाही गाडीतून. नियम मोडायला नको."

क्लॉडेटच्या दारासमोर तिनं गाडी लावली. डॅडी चर्चच्या कोटात पुढच्या सीटवर बसून राहिले, काच वर करून. सार्जंट आणि त्याची बायको पायरीवर उभी होती, दोघं पंचविशीच्या आतली, घाबरलेली. बायकोनं विचारलं, "मॅम, आम्ही काही करायचं का?" ओडेसानं दोघांशी हात मिळवला, नावं विचारली आणि म्हणाली, "काही नाही. फक्त दार उघडं ठेवा. मी सगळं बघणार आहे."

तिनं सगळं बघितलं. छपरावर चढली, घराखालच्या पोकळीत सरपटत गेली, नळ सोडून पाहिले. माप घेताना टेपचं टोक कोपऱ्यावरच्या खिळ्यात अडकवलं, कारण धरायला कुणी नव्हतं. मागं अंजीर तिच्या डोक्याच्या वर गेलं होतं. झाडाची किंमत धरत नाहीत. शेवटी ती खिडक्यांशी आली. कंपनीनं आतलं सगळं बदललं होतं, पण बाहेरच्या चौकटींना हात लावला नव्हता, गरजच पडली नव्हती. तिनं एकेका चौकटीवरून, वरून खालपर्यंत, बोट फिरवलं. अकरा खिडक्या. मग तिथंच भिंतीला टेकून तिनं डोळे पुसले.

ती गाडीत येऊन बसली.

"किंमत सांगू नकोस," डॅडी म्हणाले. "ते चालत नसेल."

"नाही चालत."

"पण रंगाचं काय लिहिलंस?"

ओडेसानं कागद त्यांच्यासमोर धरला नाही. नियम होता. तिनं समोर बघत, लिहिलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "खिडक्यांचा रंग कुठेही सुटलेला नाही."

डॅडींनी मान हलवली. त्यांनी काच खाली केली, पायरीवर उभ्या असलेल्या त्या दोन पोरांकडे पाहून टोपी उचलली, आणि म्हणाले, "चल. आता घरी ने मला." गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते मागे वळून बघत होते.