दोन बोटं माया

"कात्री खाली ठेव." मास्तरांचा आवाज घोगरा झाला होता, पण हुकूम जुनाच होता.

मुलीच्या मांडीवर त्यांची राखाडी पँट होती. पट्टा आवळूनही ती कमरेवरून घसरायला लागली, म्हणून मागची शिवण ती दुसऱ्यांदा आत घेत होती.

"अहो बाबा, केवढं कापड राहतंय आत! बोचेल."

"बोचू दे. माया कापायची नाही. मी परत भरलो की काय उसवणार, तुझं डोकं?"

शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. इतर दुकानांत ती अर्ध्या बोटावर भागवत; मास्तर दोन बोटं ठेवत. माणूस आज बारीक आहे, जन्मभर बारीकच राहील कशावरून, असा त्यांचा सवाल असे.

आता मास्तरांच्या अन्ननलिकेत गाठ होती. घास सोडाच, घोटही अडखळत उतरे. डॉक्टरांनी आधी केमो आणि रेडिएशनचा शेक, मग ऑपरेशन असं सांगितलं होतं. वजन फार उतरलं तर मात्र ऑपरेशन रद्द, हेही बजावलं होतं.

मुलीच्या काकांना, मास्तरांच्या धाकट्या भावाला, हे पटत नव्हतं. "दादा, गाठ आहे तर आधी काढा म्हणावं! औषधांनीच अर्धा झालास तू."

"कोरं कापड आधी भिजवून आटवायचं, मग कात्री लावायची. नाहीतर पहिल्याच धुण्यात वाट लागते."

"तू काय कापड आहेस?"

"सध्या चिंधी. पण चांगल्या ताग्यातली."

पातळ पेज पोटात ठरत नसे. उलटी झाली की मास्तर तोंड पुसत आणि रिकामा पेला मुलीपुढे धरत. "परत भर." ती भरायची. एकदा ती रडायला लागली तेव्हा म्हणाले, "रड, पण आधी भर."

ऑपरेशनआधी वजन करायला ते काट्यावर उभे राहिले. एकदम वाढलेला आकडा बघून नर्सच्या कपाळाला आठी पडली. "मास्तर, खिशात काय आहे?"

काही नाही म्हणत त्यांनी खिसा दाबून धरला. तिने हात घालून शिंप्याची जाडजूड लोखंडी कात्री बाहेर काढली.

"आत कात्री आमची असते हो," ती म्हणाली. "चढा परत."

मुलगी काट्याशी वाकली. काटा हलला आणि थांबला. नर्सने आकडा लिहिला. "चालेल. जेमतेम."

"जेमतेम का असेना," मास्तर म्हणाले, "बसलो ना मापात!"

गाठ बरीच आटली होती, असं डॉक्टर ऑपरेशननंतर म्हणाले. पुढे काही वर्षं मिळाली. मास्तर चिमणीसारखं थोडं थोडं खात आणि दुकानात बसत. कंबर जराशी भरली, तेव्हा एके दिवशी त्यांनी स्वतःच शिवणीचा एक टप्पा उसवला. आतलं न विटलेलं कापड पँटच्या मागे गडद पट्टीसारखं दिसायला लागलं. गिऱ्हाइकं हसली, की ते म्हणत, "कमाई आहे ती."

मग दुखणं परतलं. या वेळी आटवायला काही उरलं नव्हतं.

ते गेल्यावर कपडे आवरताना काकांनी ती पँट हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवलीच नाही. "मला होईल का गं?"

काकांची कंबर रुंद होती. मुलीने शिवण चाचपली. आत घेतलेला पहिला टप्पा अजून तसाच होता. तिने एकेक टाका उसवला, शिवण नव्याने मारली, इस्त्री फिरवली. काकांना पँट नीट बसली.

"मागे पट्टी दिसतेय. कोणी विचारलं तर?"

"कमाई आहे म्हणा."

काका ती घालूनच दुकानाची पायरी उतरले. सदरा त्यांनी मागून वर खोचून घेतला होता.