दुखण्याचा रकाना

धाकटी स्वतःवर भलतीच खूश होती. आईच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, आणि ज्या दवाखान्यात झालं तिथे नेमका धाकटीच्याच कंपनीचा प्रोग्राम चालत होता. आईने रोज सकाळी फोनवर प्रश्नांची उत्तरं द्यायची: झोप, भूक, व्यायाम, आणि शेवटी दुखणं, शून्य ते दहा. फोन ती उत्तरं जेसन नावाच्या साच्यात, प्रत्येकापुढे त्याचं नाव लिहून, पाठवी. पलीकडे सर्व्हरवर धाकटीने लिहिलेला कोड त्यातलं एकेक उत्तर उचलून ‘रोजची नोंद’ नावाच्या ऑब्जेक्टच्या, म्हणजे एका तयार तक्त्याच्या, ज्या त्या रकान्यात बसवी. ही नोंद घरच्यांनाही पाहता येई. दुखण्यापुढे रोज शून्य! “आई ठणठणीत आहे,” असं धाकटीने थोरल्या भावाला कळवूनही टाकलं होतं.

मग दवाखान्याचा निरोप आला. दुखणं उरलेलं दिसत नाही, तेव्हा सोमवारपासून व्यायाम बंद करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आईने किटली डाव्या हाताने उचलली, तीही आधी ओट्याच्या कडेपर्यंत ओढत आणून. मग चहा पिता पिता फोन घेतला, पहिल्या प्रश्नांवर बोट टेकवलं आणि शेवटचा येताच उत्तर न देता ‘पुढे’ दाबून मोकळी झाली.

ऑफिसात जाऊन धाकटीने चाचणीच्या सर्व्हरवर तस्संच केलं. बाकीची उत्तरं पाठवली, दुखण्याचं नावच काढलं नाही. सर्व्हरने हूं की चूं न करता नोंद तयार केली. दुखणं: शून्य.

शेजारचा टेस्टर मान लांब करून बघत होता. “तू पाठवलंच नाहीस, मग हे शून्य आलं कुठून?”

“तो रकाना मी साधा आकड्याचा ठेवलाय. त्याला रिकामं राहता येत नाही. काही आलं नाही की शून्य धरतो.”

“म्हणजे गप्प बसेल तो धडधाकट! बरं आहे.”

तिला हसू आलं नाही. घरी आई भिंतीपलीकडच्या खोलीत, आणि ही तिचा खांदा पडद्यावर बघत बसलेली. काखेत कळसा नि गावाला वळसा. रकान्याला रिकामं राहू देणं हे तसं चुटकीसरशी होणारं काम. ते तिने केलं, तपासलं, आणि आजवरच्या शून्यांवर विसंबू नका, व्यायाम थांबवू नका, असं दवाखान्याला फोन करून सांगितलं.

संध्याकाळी ती आईजवळ जाऊन बसली.

“आई, दुखण्याचं उत्तर का गं देत नाहीस?”

“तू वाचतेस ना ते. खरं लिहावं तर तुझा जीव टांगणीला. आणि खोटं काही माझ्याच्याने लिहवेना. म्हणून सोडून देत होते.”

आईने टाळलेलं खोटं धाकटीचा कोड रोज सकाळी आईच्या नावाने सांगत होता. धाकटीला भरून आलं.

“मग आता मला सांग. शून्य ते दहा?”

आईने डाव्या हाताने खांदा धरला. “सात,” ती म्हणाली. “आडवं पडल्यावर आठ.” आणि लेकीचं तोंड बघून लगेच म्हणाली, “बघ, म्हणून सांगत नव्हते. आधी ते डोळे पूस.”