कांदे झाकले तो दिवस

मी वेस्ट ऑल्डनची सरकारी शाळा बोलतेय. नववी ते बारावीची. हो हो, तीच ती, कांदेवाली! हसून घ्या आधी. मला उभं केल्यापासून लोक हसतायत, तुम्ही तरी कशाला मागे राहता?

शिकागोच्या पश्चिमेला, हमरस्त्याच्या कडेला आमचं गाव. मी उभी आहे तिथे पूर्वी डाइकहाउस घराण्याचं कांद्याचं शेत होतं. मोठं युद्ध संपलं, शहरातली माणसं अंगणाच्या घरांसाठी इकडे धावली, घरोघरी पाळणे हलले आणि मग सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, अरे, या पोरांना शिकवायचं कुठे? झालं! शेत विकत घेतलं आणि मला बांधून काढलं. सपाट छप्पर, लांबच लांब पॅसेज, भिंतीला लागून लोखंडी लॉकर. रूप म्हणाल तर बेताचंच. गोदामाची थोरली बहीण शोभेन.

आता कांद्याचं कसं झालं ते ऐका. इथे शाळा म्हटली की तिच्या संघाला चिन्ह म्हणून एखादा प्राणी लागतोच. कुणाचा वाघ, कुणाचं अस्वल. शेजारच्या ब्रायरवुडचे ससाणे. माझे पहिले मुख्याध्यापक लोकशाहीचे मोठे भक्त. म्हणाले, "मुलांनीच मतं देऊन ठरवावं." मुलांनी ठरवलं! कुण्या चावटाने चिठ्ठीवर 'कांदा' लिहिलं, ते वर्गावर्गात पसरलं आणि गरुडाला नि सिंहाला चारीमुंड्या चीत करून कांदा निवडून आला. मुख्याध्यापक अंथरुणाला खिळले म्हणे. पण शब्द दिलेला, करतात काय?

तेव्हापासून दारावर, बँडच्या ढोलावर, जिमच्या, म्हणजे खेळाच्या हॉलच्या, लाकडी जमिनीवर, जिकडे तिकडे डोळे वटारलेला, मूठ उगारलेला कांदा. ब्रायरवुडची पोरं मॅचला मुद्दाम नाकाला रुमाल लावून येतात. आमची ओरडतात, "या रे या, रडवूनच पाठवतो!" बहुतेक वेळा हरतो आम्हीच आणि रडतोही आम्हीच. पण ओरडण्यात कुणाला ऐकत नाही.

पोरांची एक गंमत सांगू? नववीत येतात तेव्हा वर्ग सापडत नाही म्हणून पॅसेजमध्ये रडकुंडीला येतात. बारावीत गेली की तीच पोरं अशी चालतात, जणू मला यांच्या आजोबांनी बांधलंय. बाकांखाली च्युइंगम चिकटवतात, लॉकरला लाथा घालतात, "कधी सुटतोय या तुरुंगातून" म्हणतात. आणि निरोपाच्या दिवशी त्याच लॉकरला कवटाळून ढसाढसा रडतात. मला तर बाई या जातीचं काही कळत नाही.

दिवस सगळ्यांचेच फिरतात, माझेही फिरले. गावातली पोरं कमी झाली. छप्पर गळायला लागलं. बॉयलर असा खोकायचा की इतिहासाच्या सरांना थांबून वाट बघावी लागायची. शेवटी शाळामंडळाने गावापुढे प्रश्न ठेवला. घरपट्टी थोडी वाढवून शाळा दुरुस्त करायची, की तिला कुलूप ठोकून मुलं ब्रायरवुडला धाडायची? एप्रिलच्या मंगळवारी मतदान. आणि मतदान कुठे? तर माझ्याच जिममध्ये! या गावातलं प्रत्येक मतदान तिथेच होतं. माझ्याच फाशीला जागा माझी, टेबलं माझी, दिवेही माझेच. थट्टेला काही सुमार?

सगळ्यात जिवाला लागलं ते नोएमी सारागोसाच्या. ही अकरावीतली चिमुरडी कांद्याचा पोशाख घालून मैदानात नाचायची. शाळा बंद झाली तर बारावीचं वर्ष ससाण्यांत काढायचं. "त्यापेक्षा मी घरीच बसेन," म्हणाली. मग पोशाख चढवून ती घरोघरी हिंडली. फिरत फिरत गेली हार्लन डाइकहाउसच्या दारात. तोच, कांद्याच्या शेतवाल्याचा मुलगा. माझ्याच पहिल्या तुकडीतला, आणि जन्मभर माझ्या पैशांच्या प्रत्येक मागणीला 'नाही' म्हणणारा.

"आजोबा, मंगळवारी मत द्याल ना?"

"देणार तर! 'नाही' म्हणून देणार. दरवेळी तेच देतो."

"शाळा बंद पडेल हो!"

"पडू दे. विटाच तर आहेत. आणि काय गं, कांद्याला हात कधीपासून फुटले?" म्हातारा म्हणाला आणि दार लावून घेतलं.

मंगळवार उजाडला. मतदानाची मुख्य अधिकारी होती लोर्ना व्हँडरस्लाइस. माझीच विद्यार्थिनी, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची, पण नियम म्हटला की सख्ख्या आईलाही ओळखायची नाही. नोएमी पोशाखात दाराशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याशी हात मिळवत होती. लोर्ना तरातरा बाहेर आली.

"ए कांद्या! मतदानाच्या दाराजवळ प्रचार चालत नाही. रस्त्यापलीकडे हो."

"मी नुसतं गुड मॉर्निंग म्हणतेय, बाई."

"शाळेचं चिन्ह म्हणजे शाळेचा प्रचार. चल, नीघ!"

नोएमीचं डोकं सटकलं. "मग भिंतींवरच्या कांद्यांचं काय? त्यांनाही हाकला ना! आणि जिममधला तर तुमच्या टेबलासमोरच आहे!"

पोरीच्या जिभेला हाड नाही हेच खरं. लोर्ना आत आली, जमिनीकडे बघितलं, भिंतींकडे बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. नियम तो नियम! तिने चादरी मागवल्या, नाटकाचे जुने पडदे काढले, आणि एकेक कांदा झाकून टाकला. जमिनीवरच्या मोठ्या कांद्यावर कुस्तीची करडी गादी अंथरली. नोएमी रस्त्यापलीकडून बघत होती. "माझ्यामुळेच झालं," म्हणून कांद्याच्या आत मुसमुसत होती. मी म्हटलं, संपलं आता, मरायच्या आधीच मला गुंडाळलं.

पण लोक यायला लागले आणि वेगळंच घडलं. दारातून हसत येणारी माणसं आत पाऊल टाकताच कुजबुजत बोलायला लागली. कुणी नकळत टोपी काढली. एका बाईने चादरीचं टोक उचलून आत डोकावलं आणि लोर्ना खेकसली तशी पटकन सोडलं. प्रत्येकाला दिसत होतं, मी गेल्यावर गाव कसं दिसेल ते.

दुपारी हार्लन आला. जिमच्या मधोमध थबकला.

"कांदा कुठाय?"

"झाकलाय. नियम आहे," लोर्ना म्हणाली.

"कसला डोंबलाचा नियम! माझ्या बापाचं शेत आहे हे. इथे कांदा झाकतात?"

"हार्लन, मत द्यायचंय की भाषण?"

म्हातारा पुटपुटत मत द्यायच्या आडोशात गेला. बराच वेळ बाहेर येईना. निघाला तो थेट रस्ता ओलांडून नोएमीकडे. "आत फार वाईट दिसतंय गं," म्हणाला, आणि तसाच घरी चालता झाला.

संध्याकाळी मतमोजणी झाली. थोडक्यात वाचले हो! पहिली चादर लोर्नानेच ओढून काढली, आणि तीही अशी की टांगलेल्या दांडीसकट खाली आली. दुसऱ्या आठवड्यात छपरावर ठोकाठोक सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात आवाजाचा त्रास होतो म्हणून हार्लनची तक्रार आली. चला, म्हातारा ठणठणीत होता.

नोएमीने बारावी माझ्याकडेच केली. यंदा जूनमध्ये निरोपाच्या दिवशी सगळ्यांबरोबर टोपी उडवली, ऑगस्टमध्ये गाडीत गाद्याउशा कोंबल्या आणि ॲरिझोनाच्या कॉलेजला निघाली. गाडी माझ्या फाटकावरून गेली. मी आपली वाट बघत राहिले, आता वळून बघेल, मग बघेल. कसलं काय! कुठल्या रस्त्याने जायचं यावरून आईशी हुज्जत घालत होती, तिने मान वर केली नाही. वाईट वाटलं हो. खोटं कशाला सांगू?

पण मग मनात आलं, ज्या पोरांना जाता येत नाही ती मागे बघत बसतात. माझं काम पोरांना जाता यावं एवढंच. जा गं नोएमी, खुशाल जा. नववीची नवी पोरं आलीत, त्यांना वर्ग सापडत नाहीयेत.