त्रेचाळीस काठ्या आणि एक श्वास

हामामात्सु शहरात तोकुजिरोच्या घरी कपडे वाळत घालायच्या त्रेचाळीस काठ्या होत्या आणि वाळत घालायला दोन सदरे. खोटं वाटत असेल तर त्याची धाकटी बहीण फुसाए हिला विचारा. चव्वेचाळिसावी काठी तिनेच दारात अडवली.

चाळीस वर्षं दर शनिवारी गल्लीत काठीवाल्याचा टेम्पो यायचा आणि कर्ण्यातून टेपवरची बाई लांब सुरात हाळी द्यायची, "काठ्याऽऽ, वाळवणाच्या काठ्याऽऽ." तोकुजिरोचा जन्म कारखान्यात पियानो सुरात लावण्यात गेलेला. शेजारचं मांजर कुठल्या स्वरात जांभई देतं, तेही तो सांगायचा. बाई उत्तरेकडची, पडसं झालेली, पुढच्या दातांत फट, हे त्याने पहिल्याच शनिवारी ओळखलं. पण शेवटच्या हाळीनंतर ती काहीतरी बोलायला श्वास घ्यायची आणि नेमकी तिथेच टेप पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. त्या श्वासापुढचं ऐकायला तो वर्षाकाठी एकदा तरी टेम्पो थांबवायचा. थांबवला की काठी घेणं आलंच. मग एका शनिवारी टेम्पो आला नाही. पुढच्याही नाही.

"तेव्हाच लग्न केलं असतंस दादा, तर एका काठीत भागलं असतं," फुसाए म्हणायची.

शहराच्या संगीत-तंत्रज्ञान महोत्सवात यंदा बंद पडलेल्या हाळ्यांचं दालन आहे हे कळलं, तसा तो सकाळीच निघाला. फुसाए सोबतीला. वाटेत तिने ग्योझा, म्हणजे सारण भरून परतलेल्या करंज्या, खायला बसवलं. मधोमध मुगाचे मोड घातलेली त्याची ताटली तशीच निवली.

दालनातल्या चिहाया नावाच्या मुलीने हाळी लावली. आवाज आला तो धुऊन इस्त्री केलेला. पडसं नाही, श्वास नाही. यंत्राने सगळी खरखर काढून टाकली, असं ती कौतुकाने सांगू लागली.

"पोरी, घर झाडताना तू माणूसच केरात टाकलंस," तोकुजिरो म्हणाला.

चिहाया ओशाळली. टेम्पोतली जिच्यावरून उतरवली, ती मूळ टेप तशीच ठेवली होती; ती तिने खोक्यातून काढून जुन्या यंत्रावर चढवली. पडसं आलं. दातांतली फट आली. शेवटची हाळी झाली, बाईने श्वास घेतला, आणि टेप पुढे चालत राहिली.

"झालं ना बरोबर?" बाईने हळूच, लाजत विचारलं.

टेपवर तिला कुणीच उत्तर दिलं नाही. खुर्ची सरकली, टेप संपली.

तोकुजिरो यंत्राच्या कर्ण्यापाशी वाकला. "झालं हो बाई. अगदी बरोबर."

चिहायाने पुन्हा लावू का विचारलं, तर तो नको म्हणाला. टेपवरच्या बाईला परत विचारायला लावायचं नव्हतं त्याला.

तिथून दोघं नाकाताजिमाच्या वाळूच्या टेकड्यांवर गेली. इथे कपडे झटकन वाळले असते, असं काहीतरी फुसाए बोलत होती. समुद्र दक्षिणेला, सगळी माणसं तिकडे बघत बसलेली. तोकुजिरो मात्र समुद्राला पाठ करून त्या बाईच्या उत्तरेकडे तोंड करून बसला.