कागदावर भंगार झालेली मशीन

मी एक जुनी डायलिसिसची मशीन आहे. ज्यांची मूत्रपिंडे काम करत नाहीत, त्यांचे रक्त मी नळीतून घेते, गाळते आणि परत देते. मित्रांनो, माझ्या पोटावरची ही मोठी लाल फुली पाहून घाबरू नका. कागदोपत्री मी भंगार आहे. पण या क्षणी मी चालू आहे आणि शिंपीणबाईंचे रक्त माझ्यातून फिरते आहे.

बारा वर्षांपूर्वी या सरकारी दवाखान्यात आम्ही चौघी बहिणी आलो. फीत कापली गेली, फोटो निघाले, पाहुणे माझ्यावर हात ठेवून हसले. त्यानंतर ते इकडे फिरकले नाहीत. एकेक करून तिघी बंद पडल्या. आता माझ्यात एकीचा पंप आहे, दुसरीचा पडदा आहे आणि धाकटीची दोन चाके आहेत. आमच्या तंत्रज्ञांना सगळे काका म्हणतात. ते रोज सकाळी माझ्या डाव्या कुशीवर एक थाप मारतात, तेव्हा कुठे मी जागी होते. ती थाप मला आवडते, पण तसे मी कधी दाखवले नाही. मलाही थोडा मान आहेच की.

माझ्या खुर्चीत एक निवृत्त मास्तर बसत आणि चार तास वर्तमानपत्रातल्या चुका काढत. एक बस कंडक्टर बसे. तो नळ्या लावल्याबरोबर घोरू लागे. आणि मंगळवारी, शुक्रवारी शिंपीणबाई. एका हाताला सुया टोचलेल्या असल्या तरी दुसऱ्या हाताने त्या मांडीवरची बटणे रंगाप्रमाणे निवडत बसत. त्यांचा थोरला भाऊ शेजारच्या स्टुलावर बसे. त्याचे चपलांचे दुकान होते. माणूस सरळ, लोकांच्या कामाला धावणारा. एका छोट्या पक्षाने त्याला आमदारकीच्या निवडणुकीला उभे केले आणि त्या पक्षाचा तो एकटाच निवडून आला.

इथून माझ्या आयुष्याची घडी विस्कटली. सरकारला बहुमतासाठी एक माणूस कमी पडत होता. अंदाजपत्रक नामंजूर झाले असते तर सरकार गडगडले असते. कालपर्यंत ज्याला कुणी विचारत नव्हते, त्याच्या दुकानापुढे मोटारींची रांग लागली. त्याला मंत्रिपद देऊ केले. त्याने ते घेतले नाही. आमच्या दवाखान्याला चार नव्या मशिनी द्या, मी मत देतो, एवढेच तो म्हणाला. अर्थमंत्र्यांनी तसे लिहून दिले. मास्तरांनी ती बातमी दोनदा मोठ्याने वाचली आणि पहिल्यांदाच तिच्यात एकही चूक काढली नाही. मला हेवा वाटला, पण आनंदही झाला. मी थकले होते.

आता नियम असा, की जुनी मशीन भंगारात निघाल्याची नोंद झाल्याशिवाय नवीची खरेदी सुरूच होत नाही. काकांनी त्या नोंदीचा कागद आठवडाभर टेबलाच्या खणात ठेवला. नव्या आल्या की सही करतो, असे ते म्हणत राहिले. शेवटी भाऊच घाईने आला. महिनाअखेरीला अंदाजपत्रकावर मतदान होते आणि त्याआधी त्याला खरेदी सुरू झालेली हवी होती.

तो म्हणाला, "काका, लेखी आहे सगळं. अजून कसली वाट बघताय?"

काकांनी सही केली. माझी क्रमांकाची पट्टी काढली आणि माझ्यावर फुली मारली. रंग पुसट उमटावा म्हणून त्यांनी ब्रश दोनदा निथळला, ते मी पाहिले. भावाने अंदाजपत्रकाला मत दिले. सरकार वाचले.

दोन महिन्यांनी पाच आमदारांचा आणखी एक पक्ष सरकारला येऊन मिळाला. त्यांना त्यांच्या शहरात मोठे क्रीडांगण हवे होते. क्रीडांगणावर माझा राग नाही, मुलांनो, तुम्ही खेळायलाच हवे. पण पैसा कुठून आणायचा? चार मशिनींचा अजून खर्च झाला नव्हता, तोच तिकडे वळवला. एका माणसाच्या मताची आता कुणाला गरज नव्हती. भाऊ कचेऱ्यांचे उंबरे झिजवून आला. त्यानंतर तो स्टुलावर बसेनासा झाला. भिंतीशी उभा राहू लागला.

रक्त गाळायच्या जाळ्या आणि नळ्या मशिनीच्या क्रमांकावर मिळतात. माझा क्रमांकच गेला, म्हणून त्याही थांबल्या. काकांनी कपाटे झाडून उरलेले संच काढले आणि पुरवून पुरवून वापरले. कंडक्टरला मोठ्या शहरात जागा मिळाली. मास्तरांना तिथल्याच प्रतीक्षा यादीत सत्तेचाळिसावा क्रमांक मिळाला, शिंपीणबाईंना त्याच्याही मागचा. आपला क्रमांक लागण्याआधीच मास्तर गेले. त्यांची खुर्ची रिकामी पाहून मला धाय मोकलून रडावेसे वाटले, पण मला फक्त धोक्याची शिट्टी वाजवता येते.

आज मंगळवार. शेवटचा संच शिंपीणबाईंना लावला आहे. उद्या मला न्यायला भंगारवाल्याची गाडी येणार आहे. भाऊ भिंतीशी उभा आहे. मग बाईंनी बटणे बाजूला ठेवली.

"दादा, नवं कापड हातात आल्याशिवाय मी कुणाचा जुना सदरा उसवत नाही. तुला तेवढंही सुचलं नाही?"

"चुकलो मी," तो म्हणाला. "आता परत जाऊन मत देतो म्हटलं, तर ते कुणाला नकोय."

काका पाठमोरे होऊन पाण्याचा नळ तपासत राहिले. तो नळ अगदी ठीक आहे.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणाच्या हाती मत येईल, कुणाच्या हाती सहीचे पेन. तेव्हा या म्हातारीचे एक ऐका. लेखी वचन हे वचनच असते, ते मशीन नव्हे. नवे दारात येऊन चालू होईपर्यंत जुन्यावर फुली मारू नका. त्याला कुणीतरी जोडलेले असते. मला संग्रहालयात ठेवा असे मी म्हणत नाही. मला फक्त एक पट्टी आणि थोड्या नळ्या हव्या आहेत.

चार तास संपले. माझी शिट्टी वाजली. काकांनी सुया काढल्या, दंडावर कापूस दाबून धरला. शिंपीणबाईंनी बटणांची पिशवी उचलली आणि दर वेळी विचारतात तेच विचारले.

"काका, शुक्रवारी किती वाजता येऊ?"